बहिणीच्या फोटोतली हळद

टचिंगवाले काका नसते तर माझ्या आईच्या भिंतीवर आज दुसऱ्याच कुणा बाईचा फोटो असता. हे आधी लिहून टाकते. बाकीचं सांगता सांगता ते मागे राहील अशी मला भीती वाटते, आणि मला भीती फार लवकर वाटते.

राहुरीच्या एसटी स्टँडजवळ एक फोटो स्टुडिओ होता, तिथं काका आठवड्यातून तीन दिवस यायचे. साठीच्या पुढचे, किडकिडीत, इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि खिशात तीन पेन्सिली. निगेटिव्हवर पेन्सिलीनं टचिंग करायचं, म्हणजे चेहऱ्यावरचे डाग, सुरकुत्या बुजवायच्या, हे त्यांचं काम. त्याच्याही आधी, रंगीत रोल सगळीकडे मिळायच्या आधी, ते काळ्यापांढऱ्या फोटोंना हातानं रंग भरायचे. चार केसांचा ब्रश जिभेच्या टोकावर ओला करायचे आणि एकेका बांगडीला वेगळा रंग द्यायचे, असं स्टुडिओचे मालक सांगायचे. मी आले तेव्हा ते काम कधीच संपलेलं होतं.

मी यवतमाळकडची, वणीच्याही पुढची. सातवीनंतर शाळा सुटली. लग्न झालं, नवरा इकडं कृषी विद्यापीठाच्या शेतावर रोजंदारीला लागला, म्हणून मी राहुरीत. माझं बोलणं ऐकून पहिल्या महिन्यात बाया हसायच्या. त्यामुळं मी कमी बोलायचं आणि हातानं जास्त करायचं असं ठरवलं. स्टुडिओत अल्बम चिकटवायला लागले. मग प्रिंटवरचे पांढरे ठिपके ब्रशनं बुजवायला काकांनी शिकवलं. हात थरथरत नाही म्हणाले. मन थरथरायचं, ते त्यांना दिसत नव्हतं.

अठ्ठ्याण्णव साली मालकांनी कॉम्प्युटर आणि स्कॅनर आणला. मालकांना माउस धरून बसायचा कंटाळा. महिनाभरात ते म्हणाले, "वहिनी, तुम्हीच बसा यावर. मला गिऱ्हाईक बघू द्या." मला इंग्रजी जेमतेम वाचता यायचं. कुठल्या शब्दाचा आकार कसा आहे ते बघून मी ओळखायची. सॅच्युरेशन हा शब्द मला लांबलचक मुंगळ्यासारखा दिसायचा. त्याच्याखाली एक पट्टी. उजवीकडं सरकवली की रंग भडक, डावीकडं नेली की विटके, आणि पार टोकाला नेली की फोटो काळापांढरा.

काकांनी त्या यंत्राला कधी बोट लावलं नाही. पण माझ्यामागं स्टूल घेऊन बसायचे.

"आदी पांढरं बघ," ते म्हणायचे. "डोळ्यातलं पांढरं, दात, कुनाचं धोतर. ते पांढरं हाय का? मंग मानसाकडं बघ. लुगड्याकडं सगळ्यात शेवटी. लुगडं लबाड आसतं."

आणि पट्टी सरकवताना म्हणायचे, "डोळा लई लवकर सवकतो पोरी. जरा वाढिवलं, सवकला. आजून वाढिवलं, सवकला. उठ. भायेर जाऊन रस्त्यावरची मानसं बघ, मंग ये. आन् तुला आवडायच्या एक पायरी आदी थांब."

"आवडल्यावर का नाही थांबायचं?"

"आवडलं म्हंजी जास्त झालं."

मला ते पटायचं. पण गिऱ्हाइकांना पटत नव्हतं ना. लग्नसराईत बाया अल्बम घेऊन यायच्या, "आमच्या सुनंचा शालू जरा पेटवा की, असा काय मेल्यावानी दिसतोय?" मी पेटवायची. स्थळाला पाठवायचा मुलीचा फोटो असला की बापलेक दोघंही हळू आवाजात बोलायचे. "ताई, जरा उजळ करता येतंय का? लई नको. आपलं चार आणे." एकदा एका मुलीनंच बापाला टोमणा मारला, "बारा आणे करा की दादा, म्हंजी पावणं मला सोडून फोटूच घेऊन जातील." आम्ही सगळे हसलो. मी चार आण्यांच्या जागी सहा आणे उजळ केलं. काका स्टुलावरून म्हणाले, "ही पोरगी त्या घरात गेल्यावर तोंड कुठं लपवंल?" मालकांनी त्यांना डोळ्यांनी गप्प केलं.

जयंतीच्या मिरवणुकीचे फोटो आले की मात्र काका उठून जवळ यायचे. ते त्यांच्या वस्तीतले, त्यांच्या माणसांचे फोटो असायचे. "निळा निळाच ऱ्हायला पायजे," म्हणायचे. "रंग वाढवायच्या नादात जांभळा करशील. जांभळा झेंडा कुनाचा आसतो गं?"

एकदा विद्यापीठातले एक साहेब लिंबाच्या पानांचे फोटो घेऊन आले. प्रदर्शनात लावायला मोठे करायचे होते. मला पानं पिवळट वाटली, प्रिंट जुनी झाली असेल म्हणून मी पिवळा काढला, हिरवा वाढवला. पानं अशी झाली की हात लावावा. साहेबांनी बघितलं आणि कपाळाला हात लावला. "अहो बाई, ते पिवळं म्हणजेच रोग होता. तुम्ही तर झाड बरं करून टाकलंत!" मी रडकुंडीला आले, ते हसत होते. पुन्हा करून दिलं. यातून मी शिकायला पाहिजे होतं. नाही शिकले, हेच सांगायला बसले आहे.

माझ्या पाठची एकच बहीण. माझ्याहून पाच वर्षांनी लहान, सावळी, दात जरा पुढं, सतत हसणारी. तिचं लग्न सामूहिक विवाहात झालं. एका मांडवात चाळीस जोडपी. मांडवाचा एकच लांबलचक फोटो निघाला, त्यात मुंडावळ्यांखाली ती अंगठ्याएवढी दिसते, तीसुद्धा तीच आहे की शेजारची, यावर घरात वाद. एक वर्षानं तिला मुलगी झाली आणि बाळंतपणाच्या नवव्या दिवशी तापानं ती गेली.

निरोप स्टुडिओच्या फोनवर आला. मालकांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला आणि दुकानाबाहेर जाऊन उभे राहिले. आम्ही मिळेल त्या गाडीनं निघालो, नगर, औरंगाबाद, जालना, पुढं अजून दोन गाड्या. पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. मला ना तिचं तोंड दिसलं ना धूर. घरात माय होती, आणि गोधडीत ते लेकरू. हाताच्या मुठी करून झोपलेलं.

परत निघताना मायनं भिंतीवरची फ्रेम काढून माझ्या हातात दिली. बहिणीचा एकटीचा असा तो एकच फोटो. हळदीच्या दिवसाचा. कुणीतरी चुलत भावाच्या मित्रानं काढला होता, निगेटिव्हचा पत्ता नव्हता. अंगणात पाटावर ती बसलेली, तोंडाला, गळ्याला, दंडांना हळद थापलेली, आणि कुणी कानात हळद घातली म्हणून दात दाखवून हसते आहे. मी त्या हळदीला नव्हते. लांबून यायचं, आम्ही थेट लग्नाच्या सकाळी पोचलो होतो.

"तू फोटोवाली हाय ना," माय म्हणाली. "मोठा करून आन. या लेकराले माय कशी व्हती थे यातूनच समजन. दुसरं काय हाय तिले?"

फ्रेम मातीच्या भिंतीवर होती. ओल धरून फोटो काचेला चिकटला होता. राहुरीत आल्यावर मी आधी काचेसकट स्कॅन केला, ते एक बरं झालं. मग काच वेगळी करून पुन्हा नीट स्कॅन करू असं ठरलं. मालक म्हणाले पाण्यात भिजवा, सुटतो. भिजवला. सुटला तो नुसता कागद. चित्र काचेवरच राहिलं, तेही तुकड्यातुकड्यांनी. बाकीचं पाण्यात गेलं. मी त्या पाण्याकडं बघत उभी राहिले. मालक म्हणाले, "वहिनी, स्कॅन आहे ना? मग झालं. कॉम्प्युटरमधला फोटो कधी खराब होत नाही."

काका तेव्हा नव्हते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नगरला गेले होते, पंधरा दिवस लागणार होते. मी थांबायला हवं होतं. पण माझा चुलत भाऊ कामाला नगरला आलेला, परत गावी चाललेला, त्याच्या हाती फोटो गेले की वर्षश्राद्धाच्या आधी भिंतीवर लागतील, असं माझ्या डोक्यानं घेतलं. आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, आता मला येतं.

स्क्रीनवर सगळाच फोटो पिवळा. तोंड पिवळं, जुनेर पिवळं, मागची भिंतही पिवळी मातीची. मी म्हटलं, यातलं निम्मं पिवळं हळदीचं, निम्मं ओलीचं आणि जुनेपणाचं. जुनेपणाचं तेवढं काढू. थोडं काढलं. चांगलं वाटलं. अजून थोडं काढलं. डोळा सवकत गेला आणि मी उठून बाहेर गेले नाही. फोटोत पांढरं होतं हो. तिचे दात होते. ते पहिल्यापासून स्वच्छ पांढरे होते, म्हणजे ओलीचं पिवळं त्या फोटोत नव्हतंच. एवढं एक बघायचं होतं. मी लुगड्याकडं बघत बसले.

पिवळं गेल्यावर तिचं तोंड राखेसारखं दिसायला लागलं. निर्जीव. जे तोंड मला बघायला मिळालं नव्हतं तेच समोर आलं जसं काही. मला ते सहन होईना. मी सॅच्युरेशनची पट्टी उजवीकडं ओढली. ओठांत रंग आला. अजून ओढली, गाल लाल झाले. मग सवयीनं हात उजळ करायच्या पट्टीवर गेला. स्थळाच्या मुलींना करायची तसं. आणि मला वाटलं, आली. जिवंत आली. मी पदर तोंडाला लावून रडले आणि त्याच नावानं फाइल सेव्ह केली. एका फोटोची एकच फाइल ठेवायची असा स्टुडिओचा नियम होता, डिस्कमध्ये जागा नसायची. जुनी होती ती पुसली गेली.

चार प्रिंट काढल्या. एक मायला, एक बहिणीच्या सासरी, एक मावशीला, एक चुलत्याकडं. वर एक फ्लॉपी चुलत भावाला दिली. तो वणीत कॉम्प्युटरच्या क्लासला जायचा, त्याला पाहिजे तेवढ्या काढता येतील म्हणून. किती उदार झाले होते मी त्या दिवशी.

सहाव्या दिवशी मायचा फोन आला. गावातल्या एसटीडीवरून. ती म्हणाली, "हे कोन व्हय वं?"

मी म्हटलं, "माय, तीच आहे."

"नाई. माई पोट्टी सावळी व्हती. आन् हळद कुठी गेली? म्या माया हातानं हळद लावली तिले. माई बोटं उठली व्हती तिच्या गालावर, थे दिसत व्हते फोटोत. तुनं पुसली."

"माय, मी नीट करून पाठवते."

"जुना पाठव. नवा नको मले. जुना फोटो पाठव."

मी काय पाठवणार होते?

काका परत आले ते डोळ्यावर हिरवा चष्मा लावून. मी त्यांना सगळं सांगितलं, सांगताना हात जोडून उभी होते, का ते मला कळत नाही. त्यांना बोलायला खूप जागा होती. ते एवढंच म्हणाले, "मूळ कुठंय?"

"पाण्यात गेलं."

"काच कुठंय?"

काच मी टाकली नव्हती. वर्तमानपत्रात गुंडाळून अल्बमच्या पुठ्ठ्यांमागं ठेवली होती, कुणी बघू नये म्हणून. काकांनी ती दारात उजेडाला धरली. चित्राचे पापुद्रे चिकटलेले, वाळून भेगाळलेले. त्यात नखाएवढा एक तुकडा अख्खा होता. गालाचा खालचा भाग, थोडा कान. काच उलटीसुलटी करून काका बराच वेळ बघत राहिले.

"ही बघ तुझी बहीन," ते म्हणाले. "हितं हाय आजून."

त्या तुकड्यावर हळद होती. आणि हळदीत बोटाची एक रेघ, तिच्याखाली सावळी कातडी.

पुढचे तीन रविवार ते आले. रविवार त्यांचा सुट्टीचा वार. पहिल्या रविवारी म्हणाले, तुझी ती पट्टी पार डावीकडं ने. मी नेली. सगळा रंग गेला. लाल गाल गेले, ओठ गेले. उजळ केलेलं होतं तेही माझ्या हातानं हळूहळू खाली आणवलं. आणि त्या करड्या फोटोत माझी बहीण होती. दात पुढं, डोळे बारीक झालेले. मी केलेल्या रंगाखाली ती एवढे दिवस गुदमरून बसली होती असं वाटलं. मी टेबलावर डोकं ठेवलं. काका म्हणाले, "रड. पन माऊस सोड, न्हाईतर परत काय तरी पुसशील."

त्याची काळीपांढरी प्रिंट काढली. घरून त्यांनी पत्र्याच्या डबीतले जुने फोटोचे रंग आणले, वाळून खडे झालेले. एका बशीत पिवळा भिजवला, त्यात तपकिरीचा एक थेंब. काच खिडकीत उभी करून ठेवली. एक डोळा ऑपरेशनचा, दुसऱ्यात अजून मोतीबिंदू. आळीपाळीनं एकेक डोळा झाकून ते काचेकडं आणि बशीकडं बघायचे. "ह्या जुन्या डोळ्यानं समदं पिवळं दिसतंय, नव्यानं समदं निळं. दोनीचं ऐकून मधलं घ्यायचं. पन दोनी बी खोटं बोलत्यात. तू बघ. तुझ्या डोळ्याचं धरू."

"माझ्या डोळ्यानंच तर घात केला काका."

"मंग त्यानंच भरून द्यावा."

ब्रश ते मारायचे, 'थांबा' मी म्हणायची. मायची बोटं कुठं कुठं उठली होती ते मला आठवत नव्हतं, मी त्या दिवशी तिथं नव्हतेच. फोन करून मायला विचारलं. ती म्हणाली, डाव्या गालावर तीन, उजव्यावर सबंध हात. तसं काकांनी केलं. डोळ्यातून पाणी गळायचं त्यांच्या, ऑपरेशनच्या डोळ्यातून, ते बाहीनं टिपायचे आणि पुन्हा वाकायचे. मग ती रंगवलेली प्रिंट मी स्कॅन केली आणि सॅच्युरेशनच्या पट्टीला हात लावला नाही. लावावासा वाटला. थोडा फिका वाटत होता. उठले, बाहेर गेले, स्टँडवर उसाच्या टोळीतल्या बाया उतरत होत्या, त्यांच्या तोंडाकडं बघितलं, परत आले. बरोबर होता.

मायला तो फोटो मिळाला. फोनवर ती म्हणाली, "हव. आता ओयखू येते." मग म्हणाली, "पन हे रंगोलेलं हाय ना?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "असू दे."

बहिणीच्या सासरचा फोटो बदलायला माय स्वतः गेली. तोवर वर्षाची झालेली नात तिकडं नेली होती. सासरच्यांनी नवा फोटो हातात घेऊन बघितला आणि परत दिला. हाच राहू द्या म्हणाले, चांगला गोरापान हाय, आन् पोरीले याचीच सवय झाली. चुलत भावानं फ्लॉपीवरून अजून दोन-तीन काढून बहिणीच्या नणंदांना दिल्या होत्या, त्या कुठंकुठं गेल्या कुणाला ठाऊक. मायच्या देखत त्या लेकरानं भिंतीवरच्या लाल गालाच्या बाईकडं बोट केलं आणि म्हणालं, आई. मायनं मला हे सांगितलं, रागानं नाही सांगितलं. रागानं सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

त्या लेकराची आई मी केलेली आहे. ती कधीच नव्हती. मला ती परत मागता येत नाही.

नव्याण्णवच्या शेवटाला नवऱ्याचं विद्यापीठातलं काम सुटलं आणि आम्ही सुप्याला कारखान्याच्या कामाला आलो. निघायच्या दिवशी मी काकांच्या पाया पडायला गेले. त्यांच्या घराच्या भिंती रिकाम्या होत्या. मी विचारलं, तुम्ही रंगवलेला एखादा फोटो तरी लावायचा.

"माझ्याकडं कुठंय?" ते म्हणाले. "समदं लोकांच्या भिताडावर. देवळालीला, वांबोरीला, टाकळीमियाला. उन्हानं उडाली आसतील आता. माझं मलाच बघाया मिळालं न्हाई कदी."

सुप्यात मी पॅकिंगला उभी राहते, कॉम्प्युटर इथं ऑफिसात आहे, माझ्या हाती नाही. पण काका, मी येणार आहे. वांबोरी, देवळाली, टाकळीमिया, मी घरोघरी जाईन, तुमच्या हातचे फोटो मागून घेईन, काचेला चिकटले असतील तर काचेसकट घेईन, पाण्यात घालणार नाही. एकेक उतरवून तुमच्या भिंतीवर आणून लावीन. जेवढे उडाले असतील तेवढे उडालेलेच राहतील, मी माझ्या मनानं एक काडीही वाढवणार नाही. तोवर तुमचा दुसरा डोळा सांभाळा. मला उशीर होईल, पण मी हे करीन.